तपासणीची तयारी

माजी सैनिकांच्या केंद्रातल्या मोठ्या खोलीत बाई दर गुरुवारी खुर्च्या गोल मांडून ठेवायच्या आणि माणसं आली की बघता बघता त्या गोलाचा घोड्याचा नाल होऊन जायचा. प्रत्येकाला पाठ भिंतीला लावूनच बसायचं असे. दाराकडे पाठ करून बसायला एकही जण तयार नसल्यामुळे ती खुर्ची कायम बाईंच्याच वाट्याला यायची. शेवटी त्यांनी गोलाचा नाद सोडून दिला. बाई म्हणजे तिथल्या समुपदेशक. हा शब्द कुणाच्याच तोंडात बसत नव्हता, म्हणून सगळे 'बाईंकडे बोलायला जातो' असं म्हणायचे. त्यातले निम्मे तिथं जाऊन मूग गिळून बसायचे, ही गोष्ट वेगळी.

उस्ताद हा त्यातलाच एक. नव्या पोरांना कवायत शिकवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, म्हणून पलटणीत त्याचं नाव उस्ताद पडलं आणि त्याच्या बायकोचं आपोआप उस्तादीण झालं. नोकरीची शेवटची काही वर्षं मात्र त्याला कवायतीच्या मैदानातून उचलून, जिथं खरोखर गोळ्या चालतात तिथं पाठवलं. तिथून तो आला तो हातापायांनी धड. आल्यावर लोक म्हणाले, नशीबवान आहे. लोकांचं काय जातं म्हणायला!

खरं घोडं अडलं ते एका दुपारी. उस्ताद बाहेरच्या खोलीत आडवा झाला होता. सातवीतली पोर, घरात जिला सगळे चिमणी म्हणत, शाळेतून आली आणि बापाच्या अंगावर वाकून त्याला हाक मारायला गेली. पुढच्या क्षणी ती समोरच्या भिंतीशी होती आणि तिचा हात कोपरातून भलतीकडे वळला होता. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली ती उस्तादीण, स्वयंपाकघरातून धावत येऊन.

प्लास्टर घातल्यावर उस्तादिणीच्या थोरल्या बहिणीनं पोरीला आपल्याकडे नेलं आणि बजावून सांगितलं, "बाई जेव्हा म्हणतील की आता भीती नाही, तेव्हाच पाठवीन. तू रड नाहीतर लोळण घे." ही बहीण म्हणजे बोलल्याप्रमाणे वागणारी बया. प्लास्टर निघालं, पोरगी वर्गात पुढे सरकली, तिचे फ्रॉक आखूड झाले, तरी ती मावशीकडेच. बाई दर वेळी एकच सांगायच्या, "उस्ताद बोलायला लागलेत. हळूहळू येतंय वर. त्यांना वेळ द्या."

वेळ द्या म्हणे! द्यायला वेळ काही बाईंच्या घरचा जात नव्हता. उस्तादीण रविवारी रविवारी पोरीला घरी आणायची, जेवू घालायची, डोळ्यांत तेल घालून बापलेकीवर नजर ठेवायची आणि संध्याकाळी परत सोडायची. अशाच एका रविवारी चिमणीनं दारात चपला घालता घालता सहज म्हटलं, "आई, येते गं. घरी जाऊन अभ्यास करायचाय."

घरी! उस्तादीण उंबऱ्यातच उभी राहिली. पोरीला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. ती तशीच उड्या मारत जिना उतरली. उस्तादिणीनं मात्र त्याच संध्याकाळी ठरवलं, की झाला एवढा वेळ पुरे झाला.

आता तिनं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या बाईला सुचलं नसतं. पण उस्तादिणीची पंधरा वर्षं लष्करी वसाहतीत गेली होती. मोठ्या साहेबांची तपासणी म्हटली की तिथल्या बायका अख्खा संसार पलंगाखाली ढकलून वर कडक इस्त्रीची चादर घालायच्या. चादरीची कड जमिनीपासून किती वर हवी हे प्रत्येकीला ठाऊक असायचं. पलंगाखाली वाकून बघणारा साहेब अजून जन्माला यायचा होता, कारण त्यालाही ठाऊक असायचं तिथं काय आहे ते. तपासणी म्हणजे घर स्वच्छ असणं नव्हे, स्वच्छ दिसणं, आणि ही विद्या उस्तादिणीनं पार पचवली होती.

महिनाअखेरीला बाई सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवून बोलणार होत्या. पोरीला घरी पाठवायचं की नाही, ते त्यावरून ठरणार होतं. उस्तादिणीनं जेवणाच्या टेबलाशी नवऱ्याला समोर बसवलं आणि स्वतः बाई झाली.

"झोप कशी आहे?"

"येते आणि जाते," उस्ताद म्हणाला.

"अहो, असं नाही म्हणायचं. म्हणा, बरी आहे, मधूनच जाग येते, पण पाणी पिऊन पुन्हा झोपतो."

"एकदम चांगली लागते म्हणतो की."

"काही नको. एकदम चांगली म्हणालात की बाईंचे कान टवकारले जातील. थोडं कमी ठेवायचं."

उस्ताद हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "तू पलटणीत हवी होतीस. मला खाल्लं असतंस."

"आता पुढचं. राग आला की काय करता?"

असं रोज चाललं. उस्तादाला ते जड गेलं नाही. आयुष्यभर त्यानं पोरांना हेच शिकवलं होतं, की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, छातीतून द्या आणि डोळे समोर ठेवा. एकदाच तो अडला. उत्तरं म्हणून झाल्यावर टेबलावर बोट फिरवत म्हणाला, "त्या दुपारचं एक राहिलंय सांगायचं. बाईंना सांगणार होतो. गेल्या गुरुवारी अगदी तोंडापर्यंत आलं होतं."

"ते राहू दे आता," उस्तादीण म्हणाली. "आधी पोर घरी येऊ दे. मग बसा जन्मभर सांगत."

काय सांगायचं आहे, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

पोरीलाही तिनं रविवारी कोपऱ्यात घेतलं. "बाईंनी विचारलं तर काय म्हणशील? बाबा झोपेत होते, त्यांना कळलंच नाही, आता मला भीती वाटत नाही. हो ना?"

चिमणी दुसऱ्या हातानं आपलं कोपर चोळायला लागली. "तुला घरी यायचंय ना?" आईनं विचारलं.

"हो," पोर म्हणाली. "झोपेतच होते."

ठरल्या दिवशी तिघं धुतलेल्या कपड्यांत बाईंसमोर बसली. बाहेरच्या बाकावर पुढची माणसं ताटकळत होती. एक तरुण सारखा गुडघा हलवत होता आणि त्याची बायको त्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. बाई विचारत गेल्या आणि उस्ताद उत्तरं देत गेला. मधूनच जाग येते, पाणी पिऊन पुन्हा झोपतो. राग आला की गच्चीवर एक चक्कर मारतो. पोरीनं आपलं वाक्य बिनचूक म्हटलं. उस्तादिणीचे नुसते ओठ हलत होते. बाईंनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, मग दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. नेऊन बघा घरी. काही वाटलं तर लगेच या."

उस्तादाचे गुरुवार संपले आणि त्याची खुर्ची त्या गुडघा हलवणाऱ्याला मिळाली.

चिमणी दप्तर आणि बोचकं घेऊन घरी आली. उस्तादिणीला आनंदानं काय करू नि काय नको झालं. तिनं पोरीची उशी उन्हात घातली, खिडकीला नवा पडदा लावला, येता जाता तिच्या केसांवरून हात फिरवला. बहिणीला फोन करून जरा मिरवूनही घेतलं. मिरवू नये का? दीड वर्षं जिचा जीव टांगणीला लागला होता, तिनं चार दिवस मिरवलं तर कुणाचं काय बिघडतं?

फक्त उस्ताद झोपेनासा झाला. पोर घरात असेपर्यंत तो पाठ टेकायचाच नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसायचा. ती शाळेत गेली की तेवढी डुलकी काढायचा, आतून कडी लावून. उस्तादिणीला ते दिसत होतं. ती पोरीला सांगायची, बाबांचा स्वभाव तसा आहे. आणि हे म्हणताना ती मनातल्या मनात चादरीची कड खाली ओढत होती, हे तिचं तिलाही कळत होतं.

सुट्टीच्या दिवशी उस्ताद बूट पुसत बसला होता. चिमणी मागून आली आणि खेळात तिनं त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. उस्तादीण भांडी टाकून धावली. पण काहीच झालं नाही. उस्ताद दगडासारखा बसून राहिला, अंगाला दरदरून घाम, हातातल्या बुटात बोटं रुतलेली. पोरीनं हात काढले. त्यानं बूट खाली ठेवला, आत गेला आणि जुनी लष्करी पिशवी भरायला लागला.

"अहो, काय हे? काही झालं नाही ना! बघा, काही झालं नाही," उस्तादीण त्याच्यामागे फिरत राहिली.

"गोदामाच्या मालकांना विचारलंय मी," तो म्हणाला. तो गोदामावर पहारेकरी होता. "मागच्या खोलीत राहीन."

"पण का? आता तर तुम्ही बरे आहात."

त्यानं पिशवीचा बंद ओढला आणि आवाज न चढवता म्हणाला, "त्या दुपारी मी जागा होतो. डोळे उघडे होते माझे. आपली चिमणी आहे हे मला दिसत होतं. दप्तर दिसत होतं, वेणी दिसत होती. तरी मी तिला उचलून फेकलं. झोपेत असतो तर कधीतरी जागा झालो असतो. जाग्या माणसानं कशातून जागं व्हायचं?"

उस्तादिणीनं पिशवीचा बंद घट्ट धरला.

"तेच सांगायचं होतं मला त्या खोलीत. तिथं बसलेल्या प्रत्येकाकडे असलंच काहीतरी आहे, मला वाटलं होतं तिथं निघेल तोंडातून. तू माझ्याकडून दुसरंच पाठ करून घेतलंस."

"मग चला ना, आता सांगा! मी येते, आत्ता जाऊ."

"आता नाही येत ते. तुझीच उत्तरं येतात," उस्ताद म्हणाला. "झोपेतसुद्धा तीच म्हणतो मी."

तो जिना उतरून गेला. चिमणी बाहेरच्या खोलीत त्याच्या बुटांच्या ब्रशशी चाळा करत होती.

उस्तादीण केंद्राकडे धावली, तशीच, ओल्या हातांनी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "त्यांचं सगळं अगदी घोटून घोटून बसवल्यासारखं येत होतं, आणि तुमचे ओठही हलत होते."

"मग तेव्हा का नाही बोललात?" उस्तादीण त्यांच्या अंगावर गेली. "तुम्ही शिकलेल्या आहात ना? मी एक अडाणी आई होते. मला पोर हवी होती. तुम्हाला काय हवं होतं?"

बाईंनी दाराबाहेरच्या बाकाकडे बघितलं. बाक भरलेलाच होता. "मलाही ते खरं असायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना घेऊन या. वाटेल तेव्हा या."

पण आणणार कुणाला? ती गोदामावर गेली, एकदा, दोनदा. उस्ताद दारात येऊन बोलायचा, पोरीची चौकशी करायचा, झोप बरी आहे म्हणायचा. मधूनच जाग येते म्हणायचा. उस्तादिणीला कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटायचं.

दुसऱ्यांदा ती परत आली तेव्हा चिमणी टेबलाशी बसली होती. उस्तादीण समोरच्या खुर्चीत कोसळली आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, तिनं पोरीला विचारलं, "त्या दुपारी काय झालं होतं?"

"बाबा जागे होते," चिमणी म्हणाली. "माझ्याकडेच बघत होते."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू सांगितलंस ना, झोपेत होते म्हणून."

उस्तादिणीनं पदर तोंडाला लावला. पोरीनं तिला रडू दिलं. मग मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आई, मी जाते मावशीकडे. मी नसले की बाबा येतील. खरंच येतील, मला माहितीये."

यावर कुठल्याही आईनं काय म्हणायचं असतं ते जगाला ठाऊक आहे, उस्तादिणीलाही ठाऊक होतं. शब्द तिच्या जिभेवर होता. पण त्याआधी तिच्या डोळ्यांसमोर तो माणूस आला, गोदामाच्या दारात उभा, तिनंच शिकवलेलं वाक्य तिलाच ऐकवणारा, आणि तिला क्षणभर वाटून गेलं, की पोर म्हणते त्यात खोटं काय आहे?

"नको," ती म्हणाली. "कुठंही जायचं नाही."

पण उशीर झाला होता. चिमणी तिच्या तोंडाकडेच बघत होती, आणि त्या घरात तोंडाकडे बघून सगळं ओळखायला ती शिकली होती. ती उठली, आत गेली आणि कपाटातून आपले फ्रॉक काढून पलंगावर ठेवायला लागली.