ताई म्हणाल्या, “छान आहे”

मित्रांनो, ज्याने लबाडीने घर मिळवले असा मी एक जुना स्पीकर आहे. आम्ही दोघे जुळे. तो डावा, मी उजवा. डावा फारसा बोलत नाही, म्हणून आमच्या दोघांची कबुली मीच देतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. भुसा दाबून केलेल्या फळ्यांची माझी पेटी. तिच्यावर असा काही चकचकीत मुलामा चढवला होता की, जवळून जाणारा प्रत्येक जण माझ्यात पाहून केस सारखे करी. एका बाईने माझा कागदी पडदा रबरी कडेला हलक्या हाताने चिकटवला आणि फुंकर मारून पाहिली. माझ्या पाठीला मुठीएवढे गोल भोक ठेवले होते. खर्जाचा आवाज त्यातून बाहेर पडून घुमावा, म्हणून. आम्हाला घडवणारा इंजिनिअर आपल्या मदतनिसाला म्हणाला होता की, गिऱ्हाईक दुकानात पाच मिनिटे थांबते, त्या पाच मिनिटांत याने छातीत धडकी भरवली पाहिजे. पुढे घरी गेल्यावर काय, हे त्याला कोणी विचारले नाही. मीही तेव्हा फुशारून गेलो होतो.

दुकानात आम्ही मधल्या फळीवर होतो. आमच्या शेजारी एक करड्या रंगाची जोडी होती. बुटकी, बिनचमकेची, कुठल्याशा छोट्या कारखान्यातून आलेली. किंमत आमच्याएवढीच. तिच्यावर धूळ बसलेली असायची आणि मला तिची कीव यायची.

तिथल्या एका विक्रेत्याला सगळे ‘हातगुण’ म्हणत. त्याचा हात लागला की न खपणारा माल खपायचा. आमच्या बऱ्याच जोड्या गोदामात पडून होत्या आणि त्या आधी काढा, असे मालकाने त्याला बजावले होते.

एके दिवशी सकाळी दुकान उघडता उघडता एक शिंपी आला. गळ्यात मोजायची फीत तशीच राहिली होती. त्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. मास्तरांना स्पीकर स्वतःसाठी नको होते. त्यांची थोरली बहीण, ताई, पायरीवरून पडली होती आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. ताईंनी तीस वर्षे शाळेत गाणे शिकवले. आई गेल्यावर मास्तरांना वाढवले ते त्यांनीच. आता त्यांचा सगळा दिवस एका खोलीत आणि एका खिडकीसमोर जायचा. जुन्या रेडिओने मान टाकली होती. म्हणून मास्तरांनी वर्षभर जास्तीची शिलाई करून चार पैसे बाजूला टाकले होते. महागडे काही झेपणारे नव्हते, पण आणायचे ते चांगले, एवढे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

निघताना ताईंनी त्यांना पढवून पाठवले होते. मास्तरांनी ते सगळे मापाच्या वहीत, कुणाच्या तरी कमरेच्या मापाखाली लिहून घेतले होते. आपली ओळखीची सीडी घेऊन जा. दहा डबे आणि वीस दिवे असलेला सेट नको, साधे दोनच स्पीकर बघ. ढोल-ताशाला भुलू नकोस, माणसाचा आवाज ऐक. गाणारी प्रत्येक ओळीआधी श्वास घेते, तो ऐकू येतो का ते बघ. आणि डोळे मिटून ऐक, दिसण्यावर जाऊ नकोस.

मास्तर खुर्चीवर बसले आणि त्यांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले.

आधी करडी जोडी लागली. ताईंच्या सीडीवर एका बाईंचा एकटीचा आवाज, मागे एकच तंतुवाद्य. ओळीआधी बाईंनी श्वास घेतला, आणि मास्तरांच्या ओठांवर हसू आले. ते बोट उचलून म्हणाले, “हा बघा, ऐकू आला.”

मग आमची पाळी आली. हातगुणने तार बदलली आणि त्याच हाताने आवाजाचे बटण जरासे उजवीकडे फिरवले. अगदी जरासे. मित्रांनो, माणसाच्या कानाची गंमत अशी आहे की, तीच गोष्ट थोडी मोठ्याने लागली तर ती जास्त चांगली वाटते, भरदार वाटते. हातगुणला हे पक्के माहीत होते. मास्तरांना माहीत नव्हते. आणि ताईंचे ऐकून त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, म्हणून त्यांना तो हात दिसला नाही.

मला दिसला. स्पीकरने काय करायचे, असे तुम्ही म्हणाल. मला थांबता येत नव्हते हे खरे. पण मला लाज वाटली का? नाही. मी कागदाची छाती फुगवून वाजलो. खोली दणाणली. मास्तर चमकले, मग त्यांनी मान डोलावली. श्वास तेवढा ऐकू येत नाही, असे ते पुटपुटले. हातगुण म्हणाला की, नवे आहेत, थोडे दिवस वाजले की आवाज मोकळा होतो. शिवाय पंधरा दिवसांत परत आणायची सोय आहे, खोका तेवढा जपून ठेवा. मास्तरांनी आमच्या मुलाम्यावरून एकदा हात फिरवला आणि आम्हाला घेतले. करडी जोडी तिथेच राहिली. मी तिच्याकडे वळूनही पाहिले नाही.

मास्तरांचे घर म्हणजे पुढे शिवणाची खोली आणि मागे ताईंची. मधे नुसता पडदा. त्यांनी आम्हाला ताईंच्या खोलीतल्या कपाटावर, सीडी प्लेअरच्या दोन बाजूंना, अगदी भिंतीला टेकवून ठेवले. ताईंनी त्या दिवशी केस विंचरून घेतले होते आणि पाठीशी दोन उशा लावून त्या बसल्या होत्या.

गाणे सुरू झाले. भिंतीला पाठ लागली की माझ्यासारख्याचा खर्ज दुप्पट होतो. बाईंचा आवाज त्या घुमण्यात असा बुडाला, जणू कुणी रिकाम्या पिंपात तोंड घालून गात होते. ताई ऐकत होत्या. एकदा त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांची नजर भावाकडे गेली. मास्तर दारात उभे होते, हातात कात्री, चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखा भाव.

ताई म्हणाल्या, “छान आहे.”

मास्तर खुश होऊन मशीनवर जाऊन बसले. ताईंनी डोळे मिटले आणि चेहरा खिडकीकडे केला. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळले की, मी काय करून आलो आहे.

चौथ्या दिवशी मास्तर काजाचे काम करत होते. मशीन बंद होती, त्यामुळे गाणे त्यांना नीट ऐकू आले. ते उठून पडद्यापाशी आले. बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पाहिला. त्यांना गाण्यातले शब्दच कळत नव्हते.

पंधराव्या दिवशी त्यांनी माळ्यावरून खोका काढला आणि तो घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. ताईंनी विचारले की, काय शोधतोस. मास्तरांनी खोका खाली ठेवला. मग म्हणाले की, खोका उगीच जागा अडवतोय, टाकून देतो. ताई म्हणाल्या की, हो, टाक. दोघांनाही एकेक संधी आली होती आणि दोघांनीही ती हसतमुखाने घालवली. मी कपाटावरून सगळे पाहत होतो. लाजेची गोष्ट सांगतो, खोका फाडल्याचा आवाज आला तेव्हा मला हायसे वाटले.

त्यानंतर ताईंचे ऐकणे आटत गेले. आधी सकाळ-दुपार, मग तासभर, मग एखादे गाणे. कधी डोके दुखते, कधी झोप येते. मास्तरांना वाटले, दुखणे वाढले. डॉक्टर येऊन गेले. शरीर ठीक आहे, पण मन लागत नाही, त्यांना आवडणारे काही द्या, असे म्हणाले. मास्तर आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले की, गाणे तर आहेच की घरात. ताईंनी मान डोलावली. माझ्यावर धूळ बसू लागली. ती कोणी पुसली नाही, आणि ती कोणी पुसावी असे मलाही वाटेना.

असे आठ महिने गेले.

मग एका दुपारी नव्या कोटाच्या बाह्या कमी करून घ्यायला हातगुण आला. दुकानात त्याला बढती मिळाली होती. त्याने मास्तरांना ओळखले नाही, पण मास्तरांनी ओळखले. ते त्याला कौतुकाचा आव आणून आत घेऊन गेले, ताईंची ओळख करून दिली आणि आम्हाला लावले.

हातगुण ऐकत उभा राहिला. त्याने कपाटाकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, मग ताईंकडे. दुकानातली सगळी हकिकत ताईंनी मास्तरांकडून ऐकली होती. गाणे संपल्यावर त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, “दुकानात दोन्ही जोड्या सारख्याच आवाजात लावल्या होत्यात का हो तुम्ही?”

त्याला सहज हो म्हणता आले असते. रोज पन्नास वेळा म्हणत असेल. पण त्याने बुटांकडे पाहिले आणि म्हणाला, “नाही. यांचा जरा वाढवला होता.”

मास्तरांच्या हातात त्या कोटाची एक बाही होती. ते खाली बसले.

“ताई, मला चौथ्या दिवशीच कळलं होतं,” ते म्हणाले. “परत न्यायला हवं होतं. पण मग माझी निवड चुकली, असं तुला सांगावं लागलं असतं.”

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ताई म्हणाल्या. “तू वर्षभर डोळे फोडून शिवलंस, ते मला मोडवेना. आठ महिने आपण दोघं एकमेकांना जपत बसलो, आणि गाणं राहिलं बाजूला.”

हातगुणने पुन्हा पुन्हा माफी मागितली. करडी जोडी त्याच आठवड्यात विकली गेली होती आणि तो छोटा कारखानाही बंद पडला होता. स्वतःच्या खिशातून दुसरी जोडी आणून देतो, असे तो म्हणाला. ताईंनी त्याला थांबवले. आधी यांना नीट बसवून तरी बघू, असे त्या म्हणाल्या.

मग हातगुणने कोट बाजूला ठेवला आणि आम्हाला कपाटावरून उतरवले. मास्तरांनी शिवणाच्या खोलीतली दोन स्टुले आणली. आम्हाला भिंतीपासून हातभर पुढे घेतले, ताईंच्या कानाच्या उंचीला आणले आणि तोंडे जराशी त्यांच्याकडे वळवली. मास्तरांनी गळ्यातली फीत काढली आणि उशीपासून डाव्यापर्यंत, उशीपासून माझ्यापर्यंत अंतर मोजले. दोन बोटांचा फरक निघाला, तो त्यांनी मला सरकवून मिटवला. शेवटी हातगुणने कपड्यांच्या कतरणी मागितल्या आणि त्यांची गुंडाळी करून आमच्या पाठीच्या भोकांत कोंबली. माझ्या ज्या ढमढमाटाचा मला एवढा तोरा होता, तो कुणाच्या तरी विजारीच्या कतरणींनी बंद झाला.

गाणे लावले. मी प्रथमच छाती न फुगवता वाजलो. बाईंनी ओळ सुरू करण्याआधी श्वास घेतला. पूर्ण नाही, मित्रांनो, खोटे सांगणार नाही. करड्या जोडीसारखा तो मला कधीच जमला नाही. पण अर्धा तरी बाहेर आला. ताईंनी पांघरुणावरचे बोट उचलले. मास्तरांनी ते पाहिले आणि पटकन तोंड फिरवून ते बाही उसवायला निघून गेले. त्या बाह्यांचे पैसे हातगुणने दिले आणि मास्तरांनी ते घेतलेही. कामाचे पैसे सोडायचे नाहीत, असा त्यांचा नेम होता.

त्यानंतर ताई पुन्हा ऐकू लागल्या. काही दिवसांनी त्या गाण्याबरोबर गुणगुणू लागल्या. आवाज चिरकलेला, दम अपुरा, पण सूर जिथल्या तिथे. पहिल्या वेळी मास्तर पलीकडून आले आणि त्यांनी हलकेच बटण डावीकडे फिरवले. मग आणखी थोडे. शेवटी मी पार गप्प झालो आणि खोलीत फक्त ताई उरल्या. त्यांना ते बऱ्याच वेळाने कळले. तेव्हा त्या थांबल्या, आणि मास्तर म्हणाले, “थांबू नकोस.”

मास्तरांनी त्यांना ऐकले तेवढे भरभरून मला कधीच कोणी ऐकले नव्हते आणि त्याचे मला वाईटही वाटले नाही.

ताई आणखी तीन वर्षे होत्या. मग गेल्या. आता आम्ही दोघे शिवणाच्या खोलीत असतो. माझी रबरी कड तडकली आहे, जोरात लावले तर मी खरखरतो. मास्तर रोज फडक्याने आम्हाला पुसतात आणि ताईंची सीडी हळू आवाजात लावतात. मला कोणी बोल लावत नाही. पण तीन वर्षांत आठ महिने मिळवले तर किती झाले असते, हा हिशेब माझ्या पेटीतून जात नाही.

मित्रांनो, स्पीकर घ्यायला जाल तेव्हा बटणावर कुणाचा हात आहे ते पाहा. घरी आणल्यावर भिंतीपासून हातभर दूर ठेवा, धूळ पुसा, उन्हात टाकू नका. हे सगळे मी सांगायलाच हवे. पण मला खरे सांगायचे आहे ते निराळेच. मास्तर आठ महिने दारात उभे राहून ऐकत होते. ताईंच्या उशाशी ते एकदाही बसले नाहीत. तुमच्या घरात कोणी अंथरुणावर असेल, तर आज त्यांच्या उशीजवळ डोके टेकवा आणि तिथून जग कसे ऐकू येते, ते एकदा स्वतः ऐका.