ती खरखर बंद कर!

मी कोडेक बोलतोय. घाबरू नका, हे कुठल्या औषधाचं नाव नाही. खेळता खेळता कानाला हेडफोन लावून तुम्ही दूरच्या माणसाशी बोलता ना, तेव्हा तुमचा आवाज चटकन जाईल एवढा लहान करून धाडायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडून द्यायचा, हे माझं काम. इकडे घडी घालणारा मीच आणि तिकडे घडी मोडणाराही मीच. एकाच वेळी तीन-तीन घरांत असतो, पण एकाही घरात मला कुणी चहा विचारत नाही.

मला आईबाप किती म्हणून सांगू! कुणी विद्यापीठात शिकवणारं, कुणी रेडिओ दुरुस्त करणारं, कुणी कचेरीतून दमून आलेलं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं माझ्यासाठी वर्षानुवर्षं कचाकचा भांडली. एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने खोडायची आणि तिसऱ्याने म्हणायचं, "दोघंही चुकलात." शेवटी मी तयार झालो तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की याला कुलूप लावायचं नाही. ज्याला हवा त्याने न्यावा, उघडून बघावा, जमलं तर सुधारावा. असा मी जन्मापासून सगळ्यांचा. मला याचा भारी अभिमान आहे आणि तो मी लपवतही नाही.

तर ज्या घरांत माझं नशीब उघडलं, ती तीन भावंडांची. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, तिघं तीन गावांना पांगली. पण दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की तिघंही संगणकापुढे बसत आणि एकाच जहाजावर चढत. खेळातलंच जहाज हो! मधला भाऊ दातांचा डॉक्टर, तो सुकाणू धरायचा, म्हणून तो कप्तान. धाकटी बहीण ठमी, ती शिडं सांभाळायची. आणि थोरली ताई डोलकाठीवर चढून खडक कुठे आहेत ते ओरडून सांगायची.

पुढे ताईच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आतला एक स्वरतंतू हलेनासा झाला. पूर्वी अख्खी गल्ली जागी करणारी ताई आता कुजबुजल्यासारखी बोलू लागली. फोन घेणं तिने सोडलं, काय ते लिहून कळवायची. रविवारचा खेळ तेवढा सोडला नाही.

तेव्हा तिथे माझ्याआधीचे कोडेक होते. मी त्यांना म्हातारबुवा म्हणतो. वाईट नव्हते हो बिचारे! तारा बारीक होत्या त्या काळात त्यांनी हाडाची काडं केली. पण त्यांचा एक हट्ट होता. गळ्यातून थरथर आली तर तो माणूस, नुसता श्वास आला तर तो वारा. वारा कशाला पाठवायचा? टाका कापून! ताईच्या आवाजात थरथर उरलीच नव्हती. ती बोलायची आणि म्हातारबुवा ते केरात टाकायचे.

आता तुम्ही म्हणाल, भावंडांनी विचारलं कसं नाही? अहो, हीच तर गंमत आहे या घराची. सगळे एकमेकांना इतके जपणारे, की विचारायची सोय नाही. ताई काहीच बोलत नाही म्हटल्यावर कप्तानाला वाटलं, तिला लाज वाटत असेल. तो ठमीला हळूच म्हणाला, "तिला बोलायला लावू नकोस हं. तिला दुसरं काम देऊ." आणि ताईला डोलकाठीवरून उतरवून तळाशी पाणी उपसायला बसवलं. ताई खालच्या झरोक्यातून खडक बघायची, सांगायची, आणि कुणी हूं की चूं करायचं नाही. तिला वाटायचं, माझा हा आवाज यांना सोसवत नाही, म्हणून ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

जहाज मात्र दर रविवारी आपटायचं. कप्तान आणि ठमी एकेक शब्द तीन-तीनदा ओरडायचे, कारण पहिला म्हातारबुवा गिळायचे आणि दुसरा अर्धा पोचायचा. एके दिवशी ठमी वैतागली.

"दादा, तुझा आवाज रांजणात बसून बोलल्यासारखा येतो. मी नवीन कोडेक घालतेय."

"चाललंय ना? मग कशाला उगाच हात लावतेस?"

"चाललंय कुठे? बुडतंय!"

कप्तान कुरकुरत म्हणाला, "एक खेळ बघू. नाही आवडलं तर जुनं परत." असा मी बोलीवर लागलो. ठमीने ताईला लिहून कळवलं, आणि पुढच्या रविवारी ताईने मला आपल्या संगणकावर उतरवून घेतलं.

माइक तपासायची खिडकी उघडी ठेवून ताई हेडफोनची रिकामी पेटी पुसत होती. तिचे यजमान म्हणाले, "अगं, पेटी कशाला काढलीस?"

"आजचा खेळ झाला की हेडफोन भाचीला धाडून देते. तिला उपयोग होईल."

"आणि तू?"

"मी पुरे केलं, अहो. मी बोलते आणि ते दोघं विषय बदलतात. त्यांना त्रास होतो माझ्या आवाजाचा. कशाला उगीच..." 

माझं धाबंच दणाणलं. हे सगळं मी ऐकत होतो, पण जोडणी व्हायची होती, पाठवायला पलीकडे कुणी नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटलं, ताई, त्यांना तुझा एक शब्दही पोचलेला नाही! पण मी पडलो हमाल. दुसऱ्याचा आवाज वाहायचा, स्वतःचा कुठून आणू?

जोडणी झाली. आणि काय सांगू, तिन्ही घरं एकदम एकमेकांत शिरली! ठमीकडचा पंखा, ताईकडून भावोजींची, म्हणजे तिच्या यजमानांची, सणसणीत शिंक, आणि कप्तानाच्या तोंडातला कडाड्कन आवाज.

"दादा! गोळी चावतोयस? दातांचा डॉक्टर ना रे तू?"

"कोण चावतंय? काहीतरीच!" असं म्हणताना त्याने गोळी गालात सारली, तेसुद्धा मी इमानेइतबारे पोचवलं. ठमी खो खो हसत सुटली. कप्तान पडला तोंडघशी, आणि त्याचा सगळा राग निघाला माझ्यावर. "हे कसलं मेलं कोडेक! नको ते सगळं ऐकवतंय."

तेवढ्यात खालून ताई म्हणाली, "उजवीकडे खडक आहे." मी श्वासन्‌श्वास जपून नेला. पण त्या दोघांना हा आवाज ओळखीचाच नव्हता. त्यात पंखा, त्यात लाटा.

"आणि ही सस्‌सस् कसली?" कप्तान म्हणाला. "ताईच्या माइकमधून येतेय वाटतं. ठमे, ती खरखर बंद कर!"

"करते."

ताई गप्प झाली. तिचा हात हेडफोनकडे गेला, कानावरची गादी जराशी सरकल्याचं मला ऐकू आलं. मी जिवाच्या कराराने वाट बघत होतो, पण तिच्याकडून पाठवण्यासारखं काही येईचना. आयुष्यात मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं.

"थांबली बघ आपोआप," कप्तान म्हणाला. "बरं झालं."

ठमीचं बोट बटणावर होतं. ते तिथेच राहिलं. "दादा, आपोआप कशी थांबेल?"

"म्हणजे?"

"तू बंद कर म्हणालास आणि ती थांबली. माझा पंखा ऐकतो का तुझं?"

ठमीने बोट बटणावरून उचललं. मग ठमी अगदी हळू म्हणाली, "ताई? तू बोलत होतीस?"

हेडफोन पुन्हा कानावर बसले. "बोलतेच आहे गं," ताई म्हणाली. "ऑपरेशन झाल्यापासून दर रविवारी बोलतेय."

हे वाक्य मी दोन घरांत एकदम पोचवलं. तेवढं सुंदर ओझं मी त्याआधी कधी उचललं नव्हतं.

"अगं, आम्हाला वाटलं तुला बोलायचंच नाहीये!" कप्तान म्हणाला. मघाच्या ओरडण्याचा मागमूस नव्हता. "आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं गं ताई. एक अक्षर नाही."

"मग विचारायचं नाही का रे, गधड्या?"

"तू तरी कुठे विचारलंस?" ठमी रडता रडता हसत होती.

"अरे, आधी सुकाणू धर! उजवीकडे खडक आहे, मघापासून सांगतेय!"

पण सुकाणू धरतो कोण? कप्तान चष्मा पुसत होता, ठमी नाक पुसत होती. जहाज धाडकन आपटलं आणि सरळ तळाशी गेलं. इतक्या आनंदाने बुडालेलं जहाज मी दुसरं पाहिलेलं नाही. मागून भावोजी विचारत होते, "काय गं, हसताय का रडताय?" आणि ताई म्हणत होती, "दोन्ही, अहो, दोन्ही!"

माझी नोकरी पक्की झाली हे वेगळं सांगायला नको. भाचीला दुसरे हेडफोन मिळाले. ताई आता डोलकाठीवर आहे, आणि जहाज क्वचितच आपटतं. ठमी आणि कप्तान आपण होऊन हळू बोलायला लागलेत.

मीही कायमचा नाही. कुठेतरी माझ्याहून तरतरीत कोणी घडत असेल, त्याच्यापायी माणसं भांडत असतील. तो आला की मी हसत बाजूला होईन. तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. तुमच्यातलं कुणी गप्प गप्प वाटलं, तर ते गप्पच आहे असं आपल्या मनाने ठरवू नका. "ऐकू येतंय का?" एवढं विचारा. बाकीचं मी बघतो.

चला, आज रविवार. जहाज निघालंय, आणि वळण चुकलं म्हणून ताई कप्तानाला फैलावर घेतेय. तिचा आवाज हळू, त्यामुळे एखादा शब्द निसटेल अशी त्याला भीती.  तो हेडफोन कानाशी घट्ट दाबतो, आवाज शेवटपर्यंत वाढवतो, आणि शिव्या ऐकत बसतो.