तारांची उंची

भिंतीवर सतरा गिटारी होत्या. अकरा मोठ्या पोटाच्या, चार मध्यम, दोन लहान मुलांच्या. गिटार घ्यायला आलेल्या बाईंनी त्यांतल्या नऊ मांडीवर घेऊन पाहिल्या होत्या आणि नऊही परत केल्या होत्या.

"लहान घेतली की हाताला बरी वाटते, पण आवाज रिकाम्या डब्यासारखा," दहावी गिटार खाली ठेवत त्या म्हणाल्या. "मोठीचा आवाज भरदार, पण खांदा कानाला लागतो. मला दोन्ही हवंय, आराम आणि आवाज. जास्त मागतेय का मी?"

"नाही ताई," दुरुस्तीच्या टेबलामागून कारागीर म्हणाला. "अंग आखडलं तर हात काय वाजवणार?"

दुकानात सगळे त्याला मिलिमीटर म्हणत. हा माणूस पेन्सिलीला टोकही मोजून करतो, असे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

बाई इस्पितळात रुग्णांचे रक्त काढायचे काम करत. मुलगी शिकायला परगावी गेली होती आणि संध्याकाळ खायला उठत होती, म्हणून गिटार.

"तशी एक आहे घरी," त्या म्हणाल्या. "काय गोड आवाज होता तिचा. एक तार छेडली तरी खोली भरायची. पण मला झेपली नाही. तारा दाबून बोटं सोलून निघायची. इथल्याच कारागिराला विचारायला आले होते. तो म्हणाला, ताई, गिटार उत्तम आहे, तुमच्या बोटांतच जोर नाही."

मिलिमीटरच्या हातातली कानस थांबली.

"कधीची गोष्ट?"

"अकरा वर्षं झाली. बाबांनी जुनी घेऊन, इथंच दुरुस्त करून दिली होती. त्यांना एक अख्खं गाणं वाजवून दाखवायचं होतं, ते राहिलं. चार वर्षांपूर्वी गेले ते." बाईंनी पर्स बंद केली. "तुम्ही ओळखत असाल त्या माणसाला. कुरळे केस होते बघा, टोपलीभर."

मिलिमीटरचा हात नकळत टकलावर गेला. "ती गिटार उद्या घेऊन याल?" एवढेच तो बोलला.

बाई गेल्यावर मालक म्हणाले, "गिऱ्हाईक नवी घ्यायला आलंय आणि तुम्ही जुनी मागवताय. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा पगार देतो का मी तुम्हाला?"

मिलिमीटरने कानस पुन्हा उचलली. त्याला सगळे आठवत होते. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, ती तडकली म्हणून ही गिटार आली होती. त्याने नवी पट्टी बसवली. नवी पट्टी मुद्दाम उंच असते. ती घासत, मोजत खाली आणायची असते. उद्या घासू, असे म्हणून, चिठ्ठी मात्र आधीच लिहून ठेवून तो उठला होता. सकाळी तो यायच्या आत मालकांनी गिटार देऊनही टाकली. आठवड्याने बाई बोटे दाखवायला आल्या, तेव्हा मालक शेजारीच उभे होते आणि त्याला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. जे तोंडाला आले ते त्याने सांगितले. पुन्हा आल्या की गुपचूप करून देऊ, असे त्याने मनाशी ठरवले होते. त्या पुन्हा आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेटी टेबलावर ठेवली. तारा गंजल्या होत्या. झाकणाच्या कप्प्यात दुकानाची चिठ्ठी तशीच होती: ‘हाड बदलले. उंची तपासली.’ अक्षर त्याचे होते. त्याने आधी दांडीला डोळा लावला. ओलीने दांडी वाकली असती तर तो सुटला असता. दांडी सरळ होती. मग त्याने मधोमध मोजपट्टी धरली. तारा दांडीपासून साडेचार मिलिमीटर वर होत्या.

"अडीच पाहिजेत," तो म्हणाला. "साडेचारवर पैलवानाचीही बोटं सोलतील. तुमच्या बोटांत काही कमी नव्हतं ताई. हे काम माझं. आणि ते बोललो तोही मीच."

बाई त्याच्या डोक्याकडे, मग चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"घाईत होतात का?" त्यांनी शेवटी विचारले. "घरी कुणी आजारी वगैरे?"

तेवढी एक पळवाट त्यांनी आपणहून उघडून दिली होती.

"नाही. टीव्हीवर मॅच होती."

"कोण जिंकलं?"

"आठवत नाही."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "रोज चाळीस जणांच्या शिरा शोधते मी या बोटांनी. तान्ही बाळं असली की डॉक्टर मलाच हाक मारतात." त्या अगदी हळू बोलत होत्या. "आणि बाबांना सांगत राहिले, माझी बोटंच अशी. ते म्हणायचे, असू दे गं."

मालकांनी काउंटरवरून मान वर केली आणि परत खाली घातली.

"मी..." मिलिमीटरने सुरुवात केली.

"तुम्ही करा ते," बाई म्हणाल्या. "मी बसते इथं."

त्याने जुन्या तारा सैल करून काढल्या. हाडाची पट्टी चिमट्याने उपसली, पेन्सिलीची रेघ मारली, करवतीने वरचा तुकडा उडवला, उरलेले कानशीने घासले. तीनदा मोजले. सहा नव्या तारा चढवल्या, खुंट्या पिळून सूर लावला, पुन्हा मोजले आणि गिटार पुढे केली.

बाईंनी ती मांडीवर घेतली. खांदा खालीच राहिला. पहिली कॉर्ड धरायला त्यांना जरा आठवावे लागले. बोटे टेकली आणि सहाही तारा स्वच्छ वाजल्या. टेबलावरच्या डबीतले खिळे बारीक थरथरले. त्याच्याकडे न बघता त्यांनी दुसरी कॉर्ड धरली, मग तिसरी.

मिलिमीटरने घड्याळाकडे पाहिले. काम हातात घेतल्यापासून, नव्या तारांसकट, सव्वीस मिनिटे झाली होती.