एकट्याची माटवी

प्रकल्प म्हणून बनवलेली नवी माटवी छताला लागली की तेजस्वीचं डिझाइन कॉलेजातलं शेवटचं वर्ष सुटणार होतं, आणि तिच्या बाबांचा दुखरा खांदाही. एका दोरीत एवढी कमाई म्हणजे त्या दुपारी अख्ख्या धामापुरात तिच्याइतकं नफ्यात कोणी नव्हतं.

"ओढा, बाबा."

मंगेशने दोरी ओढली. नारळ, सुपारीचे घड, काकड्या आणि हरणाच्या रानफुलांनी लगडलेली माटवीची लाकडी चौकट गणपतीच्या रिकाम्या चौरंगाच्या वर, छताशी अलगद चढली.

एरवी हे काम दोघांचं. एकाने स्टुलावर उभं राहून चौकट पेलायची, दुसऱ्याने केवणीच्या सालीने एकेक फळ बांधायचं. दुसरा म्हणजे शेजारच्या घरातले भाईकाका, मंगेशचे सख्खे थोरले भाऊ. दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या हद्दीवरून दोघांचं बोलणं तुटलं, तेव्हा तेजस्वी शाळेत होती. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी काका न बोलावता येत. मग दुपारभर "धर", "सोड", "वायच वर घे", "गाठ बसली मां?" असं चाले. वर्षभराचं बोलणं त्यातच उरकून घेत दोघं.

गेल्या वर्षी तेजस्वीने त्याचा व्हिडिओ काढून सरांना दाखवला होता.

"यात अडचण काय?" सरांनी विचारलं.

"दुसऱ्या माणसावर अवलंबून राहावं लागतं."

सर खूश झाले. हुशार मुलींना अडचण चटकन दिसते. ती अडचणच कुणाला हवीशी असेल, हे अभ्यासक्रमात नसतं.

यंदाही काका आले ते भिजवलेल्या सालीची जुडी घेऊन. उंबऱ्यातच थांबून त्यांनी वर पाहिलं.

"झाली बांदून?"

"झाली, काकानू. कप्पी लावलंय. एकटो माणूस चढवता आता."

काकांनी हात उंचावून एक नारळ चाचपला. गाठ नव्हती, आकडा होता. "बरा केलंस गो. ह्येचो खांदो तरी वाचलो."

हे म्हणताना त्यांनी भावाकडे पाहिलं नाही. मंगेश दोरी धरून उभा होता. ती खुंटीला केव्हाच बांधून झाली होती.

तेजस्वी पटकन पुढे झाली. "काकानू, ही बाजू हलता. जरा धरतास?"

"खंय हलता? बरी आसा." काका हसले. "खोटा काम सांगा नको, चेडवा."

ते गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, कप्पी काढूया. मी बोलावून आणतंय त्यांका."

"आता काडून काय उपेग?" मंगेश म्हणाला. "त्येच्याशिवाय होता, ह्या तेका कळला."

तिने गेल्या वर्षीचा व्हिडिओ काढला. अभ्यासासाठी तो ती नेहमी आवाज बंद करून पाही. हातांचे कोन मोजायला आवाज लागत नाही. आता आवाज लावला. "धर." "धरलंय." "हात भरान इलो?" "नाय रे, बांद तू." ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी आरतीला काका वाडीतल्या लोकांबरोबर आले आणि त्यांच्यातच बसले. आईने सगळ्यांसारखा त्यांनाही पाहुण्यांच्या कपात चहा दिला. "कशाक उगाच," म्हणत त्यांनी तो घेतला.

कॉलेजात माटवीला पहिला नंबर मिळाला.

"खर्च किती आला?" सरांनी विचारलं.

"माझा काही नाही, सर. बाबांनी आणि काकांनी भरला."

सरांनी गुणपत्रकावर शेरा लिहिला: कुटुंबाचा सहभाग, उत्तम.