तिकोनी इंजिनाचं अ‍ॅव्हरेज

धारवाडच्या कोर्टात प्रभंजन वकिलांची ख्याती अशी, की हा माणूस जानेवारीतसुद्धा छत्रीशिवाय बाहेर पडणार नाही. वाटणीचे दावे, गहाणखतं आणि बांधावरचे दगड यांत त्यांची वीस वर्षं गेली. स्कूटर चालवायची तीही दुसऱ्या गिअरमध्ये. अशा माणसानं २००२ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जमिनीला पोट टेकलेली, दोनच माणसं बसतील अशी लाल जपानी स्पोर्ट्स कार घ्यावी, याला खूळ लागणं म्हणतात. गाडी विलायतेहून परतलेल्या एका डॉक्टरांची. डॉक्टर वारले, गाडी शेडमध्ये कोंबड्यांच्या ताब्यात गेली, आणि मृत्युपत्राचं काम करता करता वकीलसाहेब तिच्या प्रेमात पडले. आयुष्यात त्यांनी केलेला हा एकमेव वेडेपणा. त्यामुळे तो त्यांना फार जपायचा होता.

गाडीचं इंजिनही जगावेगळं होतं. त्यात पिस्टन नव्हते, वर-खाली होणारं काही नव्हतं. समोशासारखे दोन फुगीर तिकोनी रोटर आत गरागरा फिरायचे, बस्स. आवाज गोड, पण खोड वाईट. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं, की आत पेट्रोल साचायचं आणि मग गाडी अर्धा दिवस रुसायची. पहिल्याच आठवड्यात एका लग्नाच्या कार्यालयासमोर हे घडलं आणि बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून गाडी ढकलली. त्या दिवसापासून वकिलांनी कानाला खडा लावला. एकदा किल्ली फिरवली की जिथं जायचं तिथं पोचेपर्यंत परत फिरवायची नाही.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. गाडी पेट्रोल पीत होती. मीटर बघून हिशेब केला तर लिटरला दोन.

"दोन?" श्रीलक्ष्मी म्हणाली. ती वकिलांची बायको, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची, आणि मराठी अन् कन्नड दोन्हींत सारख्याच वेगानं बोलायची. "अय्य, यापेक्षा टांगा परवडला की हो! हे बघा, गणपतीच्या आधी हिचं अ‍ॅव्हरेज सहावर आलं तर ठेवा. नाही तर अळणावरचे ते लाकडाचे व्यापारी मागायलेत ना, त्यांना देऊन टाका. आणि चार माणसं बसतील अशी शहाणी गाडी घ्या."

गणपतीला सहा आठवडे होते. वकिलांनी कॅलेंडरवर खूण केली.

त्यांनी गाडी धम्मपालकडे नेली. धम्मपाल तारिहाळच्या एका कारखान्यात दहा वर्षं यंत्रं दुरुस्त करून बाहेर पडलेला मिस्त्री. त्याचं तिथंच, रस्त्याला लागून, स्वतःचं गॅरेज होतं. गाडी बघून त्यानं आधी बूट काढले. मग बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसता बघत राहिला.

"वकीलसाहेब, हे इंजिन मी पुस्तकात बघितलंय. प्रत्यक्ष बघायला मिळंल असं वाटलं नव्हतं."

मग तो आत बसला, मीटरकडे बघितलं आणि हसायला लागला. "हे मैल आहेत ओ! विलायतेची गाडी ही. तुमचे दोन म्हणजे आपले तीन, वर थोडं."

पाना न उचलता अ‍ॅव्हरेज दीडपट झालं. वकिलांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथूनच घरी फोन केला. "अजून तीन राहिले," असं म्हणून श्रीलक्ष्मीनं फोन ठेवला.

मग धम्मपाल हात धुऊन मागे लागला. चारही प्लग काढून घासले. एअर फिल्टरमधून कोंबडीची पिसं निघाली, मूठभर. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक चिकटत होता, तो मोकळा केला. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, त्यामुळे इंजिन कधी पुरतं तापतच नव्हतं. तोही बदलला. सगळं झाल्यावर त्यानं बाटलीची चाचणी घेतली. टाकीची नळी काढली, मोजून एक लिटर पेट्रोल बाटलीत भरलं, बाटली बॉनेटखाली टांगली, आणि दोघं धारवाडच्या रस्त्याला लागले. पेट्रोल संपून गाडी थांबली ती सव्वाआठ किलोमीटरवर.

"सव्वाआठ!" वकील रस्त्याच्या कडेला उभे राहून ओरडले. गवत खाणारी एक म्हैस बाजूला सरकली.

पुढचा आठवडा गाडी घरच्या कामाला लागली. आठवड्याअखेर हिशेब केला. तीन.

वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं. धम्मपालनं गाडी परत आणवली, परत बाटली लावली. आठ. घरी नेली. तीन. कोणी पेट्रोल चोरतंय म्हणून टाकीला कुलूप लावलं. तरीही तीन. धम्मपालची झोप उडाली. "कारण कळलं नाही," असं म्हणून त्यानं आजवर कुठली गाडी परत केली नव्हती.

"साहेब, गाडी माझ्याजवळ शहाण्यासारखी वागती. तुमच्याजवळ काय करती ते मला बघितलं पाहिजे. या रविवारी कुठं जाणार?"

"गावातच. भाचीच्या बाळाच्या बारशाचं बोलावणं करायला. चार घरं."

"मी मागून येतो."

रविवारी वकील आणि श्रीलक्ष्मी लाल गाडीतून निघाले. मागून, हातातलं घड्याळ आणि खिशातली वही सांभाळत, धम्मपाल स्कूटरवर.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पाहुणे "येतो हं" म्हणतात, तेव्हा ते निघत नाहीत. उठतात, तेव्हाही नाही. दाराशी, पायरीशी, अंगणात, कुठंच नाही. बाहेर गाडीचा आवाज झाला, की मगच घरातल्या बायकांचा विश्वास बसतो. मग कुंकवाची कोयरी येते, शेंगाचटणीचा डबा येतो, आणि तासभर बैठकीत जे सुचलं नव्हतं ते फाटकाशी सुचतं. म्हणून वकील आधी बाहेर येऊन गाडी चालू करायचे. एकदा चालू केली की बंद करायची नाही, हा त्यांचा नियम. आणि बंद पडू नये म्हणून वर चोकही ओढून ठेवायचे, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणखी जास्त.

पहिलं घर अंबूताईंचं. गाडी चालू झाली. श्रीलक्ष्मी फाटकाशी आली. अंबूताईंच्या सुनेच्या माहेरचा विषय निघाला. चाळीस मिनिटं. दुसऱ्या घरी अर्धा तास. तिसऱ्या घरी वेणूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून झालं, पंचावन्न मिनिटं. चौथ्या घरी पस्तीस. समोरच्या पानपट्टीवर उभा राहून धम्मपाल लिहीत होता. एकूण अंतर सहा किलोमीटर. उभ्या गाडीचं इंजिन चालू, दोन तास चाळीस मिनिटं.

सोमवारी त्यानं वही वकिलांसमोर ठेवली.

वकिलांनी ती दोनदा वाचली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे दोष..."

"मी इंजिनाचा माणूस, साहेब," धम्मपाल घाईघाईनं म्हणाला. "इंजिनात काही नाही. पुढचं तुम्ही बघा. अक्कांना मी सांगणार नाही. तुम्ही वकील आहात."

वीस वर्षं न्यायाधीशांसमोर उभा राहिलेला हा माणूस स्वतःच्या बायकोसमोर उभा राहू शकला नाही. तीनदा प्रयत्न केला. एकदा तर "श्रीलक्ष्मी, फाटकाशी..." इथपर्यंत आले होते. "फाटकाचं काय?" तिनं विचारलं. "रंग द्यायला हवा," ते म्हणाले, आणि खरोखरच रंगारी बोलवावा लागला. तिला माणसांची आवड होती. दिवसभर पोरींना सनावळ्या शिकवून आल्यावर तिचं स्वतःचं बोलणं कुठं होत असेल तर ते फाटकांवर. हे तिच्याकडून काढून घ्यायचं, तेही एका गाडीसाठी? त्यांना ते जमेना. पण गाडीही सोडवेना. त्या दिवसांत त्यांनी ती रोज दोनदा पुसली.

अ‍ॅव्हरेज तीनवरच राहिलं, आणि गणपतीच्या आधीच्या रविवारी अळणावरचे लाकडाचे व्यापारी महादेवअण्णा गाडी न्यायला आले. बरोबर त्यांची बायको रुक्मिणी. धम्मपाल किल्ल्या आणि जुने भाग द्यायला हजर होता. कागद झाले, उप्पीट झालं, चहा झाला. महादेवअण्णा गाडीत बसले, वकिलांनी पढवल्याप्रमाणे चोक ओढला आणि किल्ली फिरवली. इंजिन गोड आवाजात गुणगुणायला लागलं. वकिलांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात फाटकाशी रुक्मिणी श्रीलक्ष्मीला म्हणाली, "तुम्ही लॅमिंग्टन रोडच्या शाळेत होता काय ओ? कुसुमावती बाईंच्या वर्गात?"

"अय्यो! तू चौथ्या बाकावरची रुक्मी काय गं?"

झालं. तीस वर्षं बोलायची राहिली होती. वर्गातली एकेक मुलगी निघाली, तिचं लग्न निघालं, मुलं निघाली. महादेवअण्णांनी दोनदा हॉर्न वाजवला. दोघींनीही ऐकला नाही. टाकीत जेमतेम दोन लिटर होतं, पुढच्या पंपावर भरायचं ठरलं होतं. तासाभरानं इंजिनानं दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.

महादेवअण्णांनी काट्याकडे बघितलं. मग मीटरकडे. मग खाली उतरून चाकांकडे.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "मी एक फूट हललो नाही अन् टाकी संपली! अळणावरला पोचायला टँकर मागं लावायचा काय? नको रे बाबा. कागद फाडा." आणि बायकोला जवळजवळ ओढत ते बसस्टँडकडे गेले. रुक्मिणी वळणापर्यंत मागं बघून बोलत होती.

श्रीलक्ष्मी रिकाम्या गाडीकडे बघत होती. मग तिनं हातातलं घड्याळ बघितलं. बाई हुशार होती. तिला दोन घरांचं, दहा घरांचं, सगळं एकदम आठवलं असावं, कारण कानापर्यंत लाल झाली.

"गाडीत काही दोष नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पंधरा दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"तू बोलायची थांबलीस की सांगणार होतो."

धम्मपालनं बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. श्रीलक्ष्मी हसली नाही.

"म्हणजे गाडी जाऊ देणार होतात, पण मला एक शब्द बोलणार नव्हतात?"

"हो," वकील म्हणाले. इतकी छोटी कैफियत त्यांनी उभ्या आयुष्यात दिली नव्हती.

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती घरामागच्या शेडमध्ये गेली आणि पेट्रोलचा रिकामा कॅन घेऊन आली. "चला, पंपापर्यंत चालत जाऊन येऊ. गाडी कुठं जात नाही आता."

पंप दीड किलोमीटरवर होता. जाता-येता ती एकसारखी बोलत होती, आणि वकिलांनी तिला एकदाही थांबवलं नाही.