काकांचे कान

काकूंनी घरी बनवलेला एकही ॲम्प्लिफायर काकांनी ‘गेली’ म्हटल्याशिवाय घराबाहेर पडला नव्हता. गेली म्हणजे सुरसुर गेली; गाणं लावलेलं नसतानाही स्पीकरमधून येते ती. ज्यानं सोल्डरिंग केलं त्यानं निकाल देऊ नये, आपल्या हातचं आपल्याला गोडच लागतं, असं काकूंचं ठाम मत. म्हणून तेवीस वर्षं हात काकूंचे आणि कान काकांचे.

आज गायनशाळेच्या बाई संध्याकाळी ॲम्प्लिफायर न्यायला येणार होत्या आणि सुरसुर काही हटायला तयार नव्हती. काकूंनी ताडलं होतं, दोष सर्किटच्या अगदी सुरुवातीलाच आहे. तिथे आवाज बारीक असतो. तिथल्या जुन्या कार्बनच्या रेझिस्टरची कुरकुर पुढे चाळीसपट होऊन बाहेर पडते. त्या जागी मेटल फिल्मचा निळसर रेझिस्टर लावला की काम फत्ते. तो त्यांनी चिमट्यात धरलाही. तेवढ्यात समोर बसलेल्या काकांकडे लक्ष गेलं. स्वारीने स्वेटर उलटा घातला होता. काकूंना हसू फुटलं.

“गेली!” काका म्हणाले.

स्पीकर मजेत सुरसुरत होता.

“अहो, गेली काय? मी अजून काही लावलंच नाही!”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “मला ती ऐकूच येत नाही.”

“मग बिनचूक सांगत होतात ते कसं?”

“तुझ्या कपाळाला आठी असली की ‘आहे’. आठी मिटली की ‘गेली’. आज तू हसलीस आणि मी फसलो. कान तुझेच होते गं, मी नुसता मोठ्यानं बोलायचो. आता दुसरं कुणीतरी बघ या कामाला.”

दोन वर्षं आपल्याला बनवलं, म्हणून काकूंना राग यायला हवा होता. राग आलाही, पण हा माणूस दोन वर्षं हे एकटाच पोटात ठेवून बसला याचा. आणि त्या रागापेक्षा माया कितीतरी जास्त होती.

त्यांनी बटण बंद केलं, जुना रेझिस्टर काढला, निळसर बसवला, बटण पुन्हा चालू केलं. स्पीकर चिडीचूप. मग टेबलावरचा दिवा त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे वळवला.

“हं, सांगा.”

काका पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले.

“काही कळेना बुवा,” ते म्हणाले. “आधी डोळे पूस. असं केलंस तर मला ऐकू कसं येणार?”