नवं टाकायचं का?

संगमेश्वरला काही विचारलं की तो आधी चष्मा पुसतो. मग म्हणतो, "बघू." माझ्या पोटचा आहे म्हणूनच सांगते, असा चेंगट माणूस अख्ख्या चौसाळ्यात दुसरा नाही. बंकटनं दिवाळीत पुण्याहून फोन करून विचारलं होतं, "नवं टाकू का?" तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई अंगावर आली, तरी ह्याचं बघणं चालूच.

बंकट माझ्या बहिणीचा पोरगा. आमची वधूवरांची वेबसाइट त्याच्या तिथल्या कंपुटरवर आहे. मी तिसरीतून उठलेली बाई, पण एवढं मला कळतं. लोक इथून पान मागतात. संगमेश्वरनं सूचना लिहून ठेवल्यात, त्या वाचून तिकडचा कंपुटर ज्याला हवं ते पान जागच्या जागी तयार करून देतो. हे काम करणारं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं.

"त्याला भोकं हायत, मावशी," बंकट मला म्हणाला. "कुलूप न उघडता कुणीबी आत शिरंल."

"मग टाक की नवं!"

"दादाला होय म्हणू द्या. पानं त्यानं लिहिल्याली. नव्यावर काही चालायची न्हाईत, दुरुस्त करावी लागतील."

संगमेश्वरचं एकच. "चालतंय ते कावून मोडायचं? सराई होऊ दे."

"ह्यांना शर्ट निवडायला दुपार लागती, आत्याबाई," शिवकन्या, माझी सून, परातीवरची धूळ झटकत म्हणाली.

"तुला तर लगीच पसंत केलतं," संगमेश्वर म्हणाला.

"तुमी कुटं? आत्याबाईंनी केलतं."

मी हसले. त्या दिवशी हसू येत होतं.

आमचं दुकान आंदणाच्या भांड्यांचं. कुणाच्या घरी पोर लग्नाला आली, हे मला भटा-जंगमाच्या आधी कळतं. म्हणून साइटसाठी पोरींचे फोटो मीच घरोघर मागून आणले. आमच्या लिंगायत घरांत पोरीचा फोटो असा परक्याच्या हाती जात नाही. नेकनूरची मल्लम्मा तर देईचना. मी तिला म्हटलं, "पासवर्डशिवाय कुणाला दिसायचा न्हाई. माझी जबान हाय."

परवा बाजाराच्या दिवशी मल्लम्मा एसटीनं आली. बस म्हटलं तर बसली नाही, पाण्याला शिवली नाही. पिशवीतून एक कागद काढून तिनं गल्ल्यावर ठेवला. तिच्या ईश्वरीचा फोटो. खाली नाव, गाव, घरचा फोन नंबर. आमच्या साइटवरून काढून कुणीतरी छापला होता.

"आष्टीपासून वाटलाय," ती म्हणाली. "रातध्याड फोन येतेत. कुणी गाणं म्हणतंय, कुणी रेट इचारतंय. पोरगी कालेजला जाईना. तिच्या बापानं आज तिच्यावर हात उचलला. म्हणे, तूच दिला असशील."

मी तो कागद गल्ल्यावर पालथा घातला.

"आक्का, तुमच्या जबानीवर दिलता मी," एवढंच बोलून ती दुकानाची पायरी उतरली आणि स्टँडकडं गेली.

संगमेश्वर आतून ऐकत होता. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता काढ तो फोटो."

"काढला."

"आन् ज्यांनी घेतलाय त्यांच्याकडून?"

त्यानं चष्मा पुसला. "ते न्हाई करता येत, आई."

मग त्यानं स्वतःहून पुण्याला फोन लावला. टाक म्हणाला, एकदाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं बसलं. आम्ही तिघं कंपुटरपुढं उभे राहिलो. काही पानं उघडतच नव्हती. उघडली त्यांच्यावर मराठी अक्षर म्हणून नव्हतं. नुसते चौकोन आणि मुंग्यांसारखं काहीतरी. मी बोट ठेवून वाचणारी, मला वाटलं माझ्याच डोळ्यांचा दोष. पण संगमेश्वरलाही त्यात एक नाव सापडेना.

बंकट फोनवर म्हणाला, "आपला फाँट जुना, दादा. नव्याला ती अक्षरं कळंनात. समदी पानं नीट करायला पंदरा दिवस तरी लागतील. दिवाळीतच केलं असतं तर..." पुढचं त्यानं गिळलं.

तेवढ्यात दुकानातला दुसरा फोन वाजायला लागला. शिवकन्यानं उचलला. बीडहून कुणी तणतणत होतं, आमच्या पोराची माहिती कुठं गेली म्हणून. ठेवला की पुन्हा वाजला.

संगमेश्वरनं बंकटचा फोन तळहातानं झाकला. "आई, भर सराईत लोक तुटतील. पंदरा दिवसांपुरतं जुनंच परत टाकू का? तू सांग."

ह्या घरात माझ्या होयशिवाय ताट हललेलं नाही. पण आज दोन्ही बाजू वाईट होत्या. जुनं टाकलं तर आणखी कुणाची पोर. नवं ठेवलं तर जिचं लग्न जुळायची वेळ आलीय, तिची सराई वाया. आणि ह्यातलं काहीही केलं तरी ईश्वरीचा फोटो बाहेरच. बंकट पुण्यात फोन धरून उभा.

"नवंच राहू दे," मी म्हटलं.

"पर आई, लोक..."

"लोकांना मी तोंड दिईन. तू ऐक, संगमेश्वर. तुझ्या मनात कुणाचं वाईट न्हाई, ते मला ठावं हाय. तुला चूक करायची न्हाई म्हणून तू थांबतोस. पर तुझं थांबणं तू भोगत न्हाईस, लेका. ते ती नेकनूरची पोर भोगतीया."